दारात कोण होतं, ते सांगितलंच नाहीस

मावशी, नमस्कार. मी ३१ वर्षांची, धडगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. घर तळोद्याला. शनिवारी घरी येते, सोमवारी पहाटे परत. चांदसैली घाटात रेंज जाते, म्हणून पुस्तकं आधीच फोनवर उतरवून ठेवते. मला अर्बन फँटसीचं वेड आहे. विच, व्हॅम्पायर, वेअरवुल्फ, सगळे आजच्या शहरात राहणारे, नोकरी करणारे, घरभाडं थकवणारे. इंग्रजी बेताचंच, तरी तीन वर्षांत अशी चाळीसेक पुस्तकं संपवली.

दोन महिन्यांपूर्वी दुपारी काम उरकून वाचत बसले होते. गोष्टीत मध्यरात्री नायिकेचं दार वाजलं आणि नेमक्या तेव्हाच आमच्या आशाताई आत आल्या. हळूच म्हणाल्या, "सिस्टर, वरच्या पाड्यातल्या म्हातारीला लोक डाकीण म्हणायला लागलेत." तिथल्या एका घरातलं पोर पावसाळ्यात गेलं. आता त्याच घरातलं दुसरं सारखं आजारी असतं. म्हातारी विधवा आहे, एकटी राहते, माझ्याकडे बीपीच्या गोळ्या न्यायला येते. मी फोन उपडा ठेवला तो ठेवलाच. तेव्हापासून एक पान वाचलेलं नाही. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "नर्स असून चेटकिणींची पुस्तकं वाचतेस, मग गावाला कोणत्या तोंडानं शिकवणार?" ते फार लागलं. मावशी, हे ढोंग आहे का?

ता. क. घरी आले की सासूबाईंना गोष्ट सांगायची असते. त्याही हिरमुसल्यात.

तळोद्याची एक वाचक

प्रिय सिस्टर,

नाव छापू नका म्हणालीस, म्हणून पाड्यावर तुला ज्या नावानं हाक मारतात त्याच नावानं मारते.

तुझ्या यजमानांचा प्रश्न टोचणारा आहे, पण नेम चुकलाय. वरच्या पाड्यात म्हातारीचं नाव घेणाऱ्यांपैकी किती जणांनी व्हॅम्पायरची कादंबरी वाचली आहे, ते त्यांना विचार. डाकीण पुस्तकातून गावात आलेली नाही. ती आली रडणाऱ्या घरातून, भगताच्या तोंडून आणि कधी कधी बांधाच्या भांडणातून. तू वाचणं सोडलंस म्हणून त्यातलं काही कमी झालं का? दोन महिन्यांत एवढंच झालं, की घाटातला तुझा वेळ जाईना आणि तुझ्या सासूबाई हिरमुसल्या.

तरीपण तुला जे लागलं ते मी उडवून लावणार नाही. त्याच्याकडे येतेच. आधी मला या पुस्तकांबद्दल बोलू दे, कारण या वेडात मी तुझ्याहून जुनी आहे.

माझे वडील रेल्वेत गार्ड. आम्ही भुसावळला क्वार्टरमध्ये राहायचो. कॉलेजात असताना मी ड्रॅक्युला वाचलं, शब्दकोश मांडीवर घेऊन, आणि रोज रात्री जेवताना वडिलांना त्यातला तेवढा तेवढा भाग सांगायची. रक्त, शवपेट्या, वटवाघळं, कशानंही ते हलले नाहीत. मग मी सांगितलं, की यातल्या नायिकेला गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ आहे आणि त्या सैतानाला गाठायचं तर कोणती गाडी कधी सुटते हे ती न बघता सांगते. वडिलांचा घास हातातच राहिला. "कनेक्शन चुकत नाही ना तिचं?" म्हणाले. पुढची सगळी गोष्ट त्यांनी तिच्या काळजीनं ऐकली.

ते पुस्तक आलं १८९७ साली. आज आपण त्याला जुनी भयकथा म्हणतो, पण त्या काळच्या वाचकाच्या हातात ती अगदी आजची गोष्ट होती. त्यात टाइपरायटर आहे, आवाज भरून ठेवणारा फोनोग्राफ आहे, तारा आहेत, आगगाड्या आहेत. तू वाचतेस त्या कादंबऱ्यांचं बीज मला तिथेच दिसतं. गढी, स्मशान, ओसाड वाडा यांतून भुताला बाहेर काढायचं आणि लंडनच्या गर्दीत सोडायचं. गंमत बघ, सगळ्या भानगडीची सुरुवातच होते ती मालमत्तेच्या व्यवहारापासून. त्या उमरावाला लंडनजवळ घर घ्यायचंय, म्हणून एक तरुण वकील कागदपत्रं घेऊन त्याच्या डोंगरातल्या वाड्यावर जातो. खरेदीखतावर सही करून येणारा राक्षस! आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अजिबात जड जात नाही.

आणि त्याला नियम आहेत. घरातल्या कुणीतरी "या" म्हटल्याशिवाय पहिल्यांदा त्याला उंबरा ओलांडता येत नाही. आरशात तो दिसत नाही. वाहतं पाणी त्याला सहजी ओलांडता येत नाही, त्याला भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. (आमच्याकडे गिरणा उन्हाळ्यात कोरडीठाक असते, तेव्हा तो चपला हातात न घेता चालत येईल, ही माझी तेव्हाची काळजी.) उन्हात जळून राख होणं हे मात्र नंतर सिनेमावाल्यांनी त्याच्या गळ्यात बांधलं. मूळ पुस्तकात तो भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो. अर्थात भुसावळच्या मे महिन्यात कोणताही नियम नसता तरी तो टिकला नसता.

हे नियमच मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात गोड वाटतात. तुझ्या कादंबऱ्यांतही तेच असणार. मंत्र टाकला की विचची ताकद संपते, तिला किंमत मोजावी लागते. वेअरवुल्फला पौर्णिमा टाळता येत नाही. शब्द दिला की व्हॅम्पायरला तो पाळावा लागतो. नायिका वाचते ती नियम नीट वाचल्यामुळे, करारातली बारीक अक्षरं बघितल्यामुळे. बाहेरच्या जगात आपल्याला सगळं पाळून पदरात काय पडतं ते तुला माहीत आहे. वेळेवर रजिस्टर भरून, पोर्टलवर माहिती चढवून, तरी साहेबांचा फोन येतोच. पुस्तकात निदान भुतं तरी नियमानं वागतात. दमलेल्या माणसाला याचं सुख होणारच, आणि त्यासाठी कुणाची माफी मागायचं काही कारण नाही.

हे सगळं गोऱ्यांचं, असंही तुझे यजमान म्हणाले असतील किंवा म्हणतील. त्यांना वेताळाची आठवण दे. वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो, रात्री हिंडतो. रिचर्ड बर्टन या इंग्रजानं १८७० साली त्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळासाठी त्यानं 'व्हॅम्पायर' हाच शब्द वापरला. म्हणजे तुझ्या पुस्तकातल्या पात्राच्या आधीपासून आमचा मनुष्य झाडावर आहे. आणि नियम त्यालाही आहेत: उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर वेताळ परत झाडावर.

त्या गोष्टींचा शेवट मात्र पुष्कळ जण विसरतात. विक्रमाला प्रेत आणायला पाठवलेलं असतं एका जोग्यानं. साधूचा वेष, तोंडात मंत्र, समोर मांडलेली पूजा. त्याला खरं तर राजाचाच बळी द्यायचा असतो. आणि हे राजाला सांगतो कोण? तोच वेताळ. ज्याला आपण भूत म्हणून घाबरतो तो जीव वाचवतो, आणि ज्याच्या पाया पडायला जातो तो मान कापायला बसलेला असतो. आपल्या आज्यांनी ही गोष्ट शेकडो वर्षं पोरांना सांगितली, सिस्टर. वरच्या पाड्यावर ती कुणीतरी परत सांगायला पाहिजे.

आता तुझं दुखणं.

तुझ्या कादंबरीतली विच आणि तुमच्या पाड्यातली म्हातारी यांना मराठीत आपण एकाच शब्दात कोंबतो, म्हणून तुझा गोंधळ झालाय. कादंबरीतल्या विचकडे शक्ती असते. तिला ती ठाऊक असते, ती वापरायची की नाही हे ती ठरवते आणि गोष्ट बहुतेक वेळा तिच्याच डोळ्यांनी सांगितलेली असते. म्हातारीकडे काय आहे? बीपी आहे, गुडघेदुखी असेल, एकटेपण आहे. तिच्याकडे नसलेली शक्ती तिला गावानं चिकटवलेली आहे, आणि ती चिकटवली की मग तिचं बाकीचं काढून घेता येतं: पाणी, बोलणं, जमिनीचा तुकडा, गाव आणि कधी कधी जीव.

शिवाय इथं नियम नाहीत. भगतानं नाव घेतलं की झालं. म्हातारी गप्प बसली तर म्हणतात, बघा, कबूल आहे. चिडली तर म्हणतात, बघा, अंगातली बाहेर आली. रडली तर ढोंग. पोर बरं झालं तर तिनं सोडलं म्हणून, नाही झालं तर तिनं धरून ठेवलं म्हणून. मी पुष्कळ भुताखेतांची पुस्तकं वाचली, पण इतका अन्यायी जादूटोणा एकाही लेखकाला सुचलेला नाही. सुचला असता तर वाचकांनी पुस्तक भिरकावलं असतं.

म्हणून मला विचारशील तर ढोंग नाही. चाळीस पुस्तकं तू त्या बाजूला उभी राहून वाचलीस जिकडून दगड येताना दिसतात. आशाताईंनी सांगितल्यावर तुझ्या पोटात खड्डा पडला, तो कदाचित त्यामुळेही असेल.

पण सगळी पुस्तकं सारखी नसतात, हेही सांगते. एकटी राहणारी, म्हातारी, कुरूप बाई म्हणजे पोरं खाणारी, एवढ्यावरच उभ्या असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, आपल्याही आणि त्यांच्याही. त्या वाचताना तुला आता मळमळलं तर मळमळू दे. माझ्याकडून हे पाप घडलेलं आहे. माझा मुलगा जेवायचा नाही, तेव्हा मी खिडकीतून बोट दाखवायची. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पांढऱ्या केसांची बाई गोवऱ्या थापायची. "जेव, नाहीतर ती चेटकीण येईल." मूल पटापट जेवायचं. मला ही युक्ती वाटायची. एकदा संक्रांतीला ती आमच्या दारात आली, ओंजळीत शेंगदाणे घेऊन, आणि त्याच्यापुढे हात केला. हा किंचाळून माझ्या पदरामागे. शेंगदाणे उंबऱ्यावर सांडले. तिनं मुलाकडे नाही पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, खाली बसून एकेक दाणा वेचला आणि गेली. तिला सगळं कळलं होतं. मी एम. ए. मराठी होते तेव्हा.

तर शिकलेली माणसं काय करतात ते असं. आता तू काय करायचंस ते बोलू, कारण तुझ्या पत्रात मला पुस्तकापेक्षा त्या दुसऱ्या पोराची जास्त घाई वाटते.

सारखं आजारी म्हणजे काय? हातपाय दुखतात, सुजतात, अंग पिवळं पडतं, ताप येऊन जाऊन असतो? नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा तो रक्ताचा आजार, किती आहे हे मी तुला सांगायला नको. पोराची तपासणी झाली आहे का, आईबापांची झाली आहे का, ते या आठवड्यात बघ. झालेली नसेल तर करून घे आणि पक्क्या निदानासाठी वर पाठव. हा डाकिणीवरचाही उपाय आहे, कारण डाकीण ज्या प्रश्नाचं उत्तर असते तो प्रश्न "ताप कशानं येतो" हा नसतोच. प्रश्न असतो, "माझ्याच घरात का? शेजारच्याकडे का नाही?" डॉक्टर या प्रश्नाला बहुतेक वेळा खांदे उडवतात, भगत उडवत नाही. म्हणून लोक त्याच्याकडे जातात. सिकलसेलपाशी मात्र तुझ्याकडेही उत्तर आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण आजाराचा अंश अंगात असलेले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक अशी शक्यता, आणि शेजारच्या घरात तशी जोडी नाही म्हणून तिथं आजार नाही. चार दाणे मांडून दाखव. भगतही दाणेच मांडतो, तेव्हा बघायची सवय त्यांना आहे.

एक खबरदारी घे. "दोघांकडून" हा शब्द ठसवून सांग, बापाला समोर बसवून सांग. नाहीतर म्हातारीच्या डोक्यावरचा दोष उतरेल आणि सुनेच्या डोक्यावर बसेल. आणि आजार सिकलसेल नसेल, दुसरं काही निघालं, तरी ते त्या घराला पहिल्यांदा तूच समजावून सांग. अर्धवट कळलेल्या जागी काय शिरतं ते तू पाहिलंच आहेस.

भगताशी चारचौघांत वाद घालू नकोस. तुला तिथं रोज काम करायचंय, त्याची मान खाली गेली तर राग म्हातारीवर निघेल. त्याची माणसंही आजारी पडतातच, त्याला वेगळं गाठ.

आणि कुजबुज वाढली, कुणी म्हातारीला अंगणात बोलावलं, तिचं पाणी तोडलं, तिला "कबूल कर" म्हणू लागलं, तर मग थांबायचं नाही. तुझ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळव, पोलीस पाटलाला सांग आणि वेळ आली तर ११२ फिरव. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटत होते त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळात कायदा मंजूर झाला. अमुक बाई करणी करते, भूत लावते असा समज पसरवणं हाच त्यात गुन्हा आहे. मंत्रानं जनावरांचं दूध आटवते असं म्हणणंसुद्धा त्यात आहे. ते वाचून मला हसू आलं होतं, मग लक्षात आलं की हे कुणीतरी गावोगाव फिरून, ऐकून, लिहून घेतलेलं आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे पोलीस "बघतो" म्हणून टाळू शकत नाहीत. कायद्यात यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो, पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा. तुमच्यासाठी तो कोण आहे, ते आधीच विचारून ठेव. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्तेही नंदुरबार भागात डाकीण प्रथेवर काम करतात. आत्ताच ओळख काढून ठेव, घाईच्या वेळी नंबर सापडत नाहीत.

आणि म्हातारी गोळ्या न्यायला येते ना? पुढच्या वेळी तिला आत खुर्चीवर बसव, बीपी बघ, चहा पाज आणि दार उघडं ठेव. बाहेर रांगेतल्या चार बायांना दिसू दे की सिस्टर तिच्या हातचा कप परत घेते आणि तिला काही होत नाही.

यजमानांबद्दल जास्त लिहीत नाही. ते वाईट बोलले नाहीत, विचार न करता बोलले. एक पुस्तक त्यांना वाचून दाखव, त्यातल्या त्यात गाड्यांचा पाठलाग असलेलं.

सासूबाईंचं मात्र लगेच बघ. दोन महिने गोष्ट थांबवणं हा माझ्या मते तुझा खरा गुन्हा. त्यांना व्हॅम्पायरचं गाव तळोदं करून सांग. एसटी स्टँडवर शेवटची गाडी गेल्यावर तो उतरतो, टपरीवाला त्याला कप देतो आणि कप ठेवल्या जागी तसाच. वेअरवुल्फ सातपुड्यात सांगायचा असेल तर जरा जपून. तिथं वाघदेव पुजतात, आणि बिबट्याची भीती खरी असते. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा आमच्या एका नात्यातल्या बाईनं मला फोनवर सुनावलं होतं, "तुझी जनावरांची गोष्ट आता नको गं, इथं कापूस वेचायला जाता येईना." तिचं बरोबर होतं. गोष्टीतल्या भीतीची मजा यायला आधी घराचं दार नीट लागावं लागतं.

अहिराणीत सांगत असशील तर फार बरं. "काय वाची राहिनी वं?" असं विचारणारी सासू किती जणींना मिळते?

आणि शेवटी माझी तक्रार. मध्यरात्री नायिकेचं दार वाजलं, आशाताई आत आल्या, तू फोन उपडा ठेवलास. दोन महिने झाले, ती बिचारी अजून कडीवर हात ठेवून उभी आहे. तुझं पत्र आल्यापासून तीन रात्री मी विचार करतेय. तिनं "या" म्हटलं का? सोमवारच्या गाडीत वाच आणि घाट उतरून रेंज आली की मला कळव.

तुझी,
मावशी